कॉटचा इसार

माझे बाबा बैलाचं तोंड उघडून दात पाहिल्याशिवाय कुणाला बैल घेऊ देत नाहीत. शिरड शहापूरच्या आसपास कुणाला जोडी घ्यायची असली, की माणसं आधी आमच्या घरी येऊन चहा पितात आणि मग संतराम पाटलांना गाडीवर मागं बसवून बाजारात नेतात. असा हा पारखी माणूस पुण्याला गेला आणि माझ्या राहण्याची खोली न बघताच इसार देऊन आला. कशाचा इसार दिला, ते मला पुढं कळलं.

सीईटीचा निकाल लागला तेव्हा माझे पर्सेंटाईल ना धड वरचे होते, ना धड खालचे. अशा पोरीचा नंबर कुठं लागेल हे देवालाही सांगता येत नाही. जवळा बाजार या गावात ऑनलाइन सेंटर चालवणाऱ्या माऊलीदादाला मात्र येतं. तो म्हणाला, "पुणं लागतंय, लिहून घे." मग घरी जो येईल तो एकच सांगायचा. यादी लागेपर्यंत थांबाल तर पुण्यात कॉट मिळणार नाही. तिथं आपल्यासारख्यांच्या पोरींना खोली परवडत नाही, कॉट घ्यावी लागते. एका खोलीत तीन-चार जणी, वाट्याला एक पलंग आणि अर्धं कपाट. तेवढ्याचं महिन्याचं भाडं ऐकून आईनं हातातली परात खाली ठेवली.

"कॉलेजचा पत्ता न्हाई आन् पलंगाची घाई," ती म्हणाली. "बाजारात तुरी आन् भट भटणीला मारी."

बाबांनी ऐकलं नाही. त्यांना भीती वाटली की ते घाई करतात. आमच्या भावकीतली एकही पोरगी आजवर बारावीच्या पुढं गावाबाहेर राहिलेली नाही. नंबर लागूनही राहायला जागा नाही म्हणून मी परत आले, तर लोक काय म्हणतील, या विचारानं त्यांची झोप उडाली होती. दुसऱ्याच दिवशी ते मला घेऊन पुण्याला निघाले. माझी टीसी, बारावीचा मेमो म्हणजे गुणपत्रक, दाखले, सगळे मूळ कागद एका निळ्या फाईलमध्ये घालून त्यांनी ती काखेत धरली. ती ते माझ्या हातातही देईनात.

लेडीज हॉस्टेलचा मॅनेजर खाली टेबल टाकून बसला होता. "एका खोलीत चारच मुली. घरच्यासारखं वातावरण," तो म्हणाला. बापमाणसांना वर जायची परवानगी नव्हती, म्हणून मी एकटीच खोली बघायला गेले. खोलीत सहा कॉट होत्या. सहावी इतकी दाराला लागून होती की दार अर्धंच उघडायचं. खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. मी खाली आले तर बाबा हसत उभे.

"झालं काम. कॉट आपली," ते म्हणाले.

इतके खूश बाबा मी बऱ्याच दिवसांनी पाहिले होते. सहा कॉटचं मी पोटातच ठेवलं. फाईल त्यांच्या काखेत नाही, हेही माझ्या ध्यानात आलं नाही.

मला भीती वाटली की मी गप्प राहून काहीतरी करून बसते. आम्ही गावी परतलो तो कॉलेजांच्या पसंतीचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. मी माऊलीदादाकडं गेले आणि पुण्याच्या सगळ्या कॉलेजांच्या वर नांदेडचं कॉलेज टाकायला लावलं. नांदेड आमच्यापासून दीड-दोन तासांवर. तिथं कॉलेजचंच वसतिगृह होतं, आणि ते नाही मिळालं तर निदान एसटीचा पास तरी काढता आला असता.

"पैल्या नंबरचं लागलं तर घ्यावंच लागतं, राजनंदिनी," माऊलीदादा म्हणाला. "न्हाई गेलीस तर पुढच्या फेरीतून बाहेर. मग बस घरी."

"लागंल तवा बघू," मी म्हणाले. घरी कुणालाच सांगितलं नाही.

सोमवारी संध्याकाळी यादी लागली. नांदेड. गुरुवारी पाच वाजेपर्यंत मूळ कागद घेऊन हजर व्हायचं होतं. मी आधी आईला सांगितलं, मग धीर करून बाबांना. मला वाटलं, आता पट्टा निघतो. बाबा ओरडलेच नाहीत. "नांदेड?" एवढंच म्हणाले आणि तोंड धुवायला घेतलेला तांब्या तसाच ठेवून ओट्यावर बसले. जेवायला उठले नाहीत. फाईल मागितली तर म्हणाले, "पेटीत हाय. उद्या देतो."

मंगळवारी सकाळी मीच पेटी उघडली. त्यात आईच्या लग्नातला शालू होता, सातबारे होते, माझ्या कागदांच्या झेरॉक्स होत्या. निळी फाईल नव्हती.

"बाबा, फाईल कुठाय?"

"पुण्यात."

"पुण्यात कुठं?"

"त्या मॅनेजरपाशी." ते माझ्याकडं बघत नव्हते. "सहा म्हैन्याचं भाडं एकदम मागलं त्यानं. माझ्यापाशी तेवढे न्हवते. त्याला म्हणलं, हळद इकली की पैसे आणून देतो, तवर ही फाईल इसार म्हून ठिव."

इसार म्हणजे काय, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. बैल पसंत पडला की विकणाऱ्याच्या हातावर काही रक्कम ठेवायची. मग तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला बैल देत नाही. आणि घेणारा फिरला तर इसार बुडतो. बाबांनी बुडालेला इसार कधी कुणाला परत मागितला नाही आणि त्यांच्यासमोर कुणाला मागूही दिला नाही. त्याच हिशेबानं त्यांनी माझी बारा वर्षांची शाळा त्या टेबलावर ठेवली होती.

मी त्यांना फोन लावायला लावला. मॅनेजर गोड बोलला. "काका, तुमच्यासाठी मी दोन पार्ट्या परत पाठवल्या. आता सहा महिन्यांचं भाडं भरा आणि फाईल घेऊन जा. माझं नुकसान कोण भरून देणार?"

बाबांनी फोन ठेवला. "त्याचं बराबर हाय," ते म्हणाले. "फिरलो आपुन."

आई मटकन खाली बसली. मला राग आला, त्यांचा आणि त्याहून जास्त माझा. फिरले होते मी. चोरून नांदेड वर टाकलं होतं मी. सहा महिन्यांचं भाडं भरलं तर नांदेडला भरायला काही उरत नव्हतं. पण ते भरायचं नाही असं म्हणायला बाबांची जीभ उचलत नव्हती, कारण त्यांच्या कायद्यानं तो माणूस खरा होता. ते पुण्याला जाऊन मान खाली घालतील, तो म्हणेल ते ऐकतील आणि रिकाम्या हातानं परत येतील, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. गुरुवारचे पाच दिसत होते.

"बाबा, खोड लपवून बैल इकला, तर इसार कुणाचा?"

"घेणाऱ्याचा. परत द्यावाच लागतो. काहून?"

"चार कॉट सांगितल्या व्हत्या त्यानं. खोलीत सहा व्हत्या. म्या सोता मोजल्या."

बाबा माझ्याकडं बघत राहिले. "मंग तवाच काहून न्हाई बोललीस?"

"तुमी लय खूश व्हतात."

ते उठले, तोंड धुतलं, दोन भाकरी बांधून घेतल्या आणि संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं वसमतहून पुण्याला गेले.

बुधवारी दुपारी त्यांचा एकच फोन आला. "देईना. बसलोय गेटापाशी." त्यानंतर फोन बंद. मी सतरा वेळा लावला. आई म्हणायची, चार्जिंग संपलं असंल. मला वाटायचं, त्यांना मारलं असेल, पोलिसात दिलं असेल. मग वाटायचं, फाईलच आता उरली नसेल, म्हणून त्यांनी फोन बंद केला असेल. शेवटचा विचार एकदा मनात शिरला तो बाहेर निघेना.

गुरुवारी दहा वाजता मी आणि आई नांदेडच्या कॉलेजात जाऊन बसलो. बुधवारी रात्रीची गाडी मिळाली असती तर बाबा नऊलाच यायला हवे होते. बारा वाजले. काउंटरवरच्या बाईंना मी झेरॉक्स दाखवल्या. त्या म्हणाल्या, "ओरिजिनलशिवाय होत नाही बाळा. पाचला सिस्टिम बंद होते." माझ्या पुढच्या पोरी एकेक करून आपापल्या बापाबरोबर जात होत्या आणि पावती घेऊन बाहेर येत होत्या. दोन वाजता आईनं डबा उघडला आणि तसाच मिटवला. तीन वाजता आई माझे हात हातात घेऊन बसली. ती कुठला तरी नवस पुटपुटत होती आणि मी तिला थांबवलं नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी बाबा आले. सदरा चुरगळलेला, डोळे लाल, काखेत निळी फाईल.

"काल सांजंपस्तोर देईना," ते म्हणाले. "म्या म्हणलं, चल वर, मोजू कॉट. न्हेईना. मंग गेटापाशीच बसलो. खोली बघाया जो बाप येऊन राहिला, त्याला सांगत गेलो, चार न्हाईत, सहा हायेत. पाच जण माघारी फिरले. मंग दिली. तवर गाडी निघून गेल्ती. पहाटंची धरली, तिबी वाटंत बंद पडली."

आम्ही काउंटरला उभे राहिलो. बाईंनी हात पुढं केला. "फाईल द्या काका. मूळ कागद आता कॉलेजात राहतील."

बाबांनी फाईल पुढं केली, पण सोडली नाही. बाईंनी ओढली. बाबांनी घट्ट धरली. "परत कवा देता?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा वाटत नव्हता. बाजारात शंभर माणसांत सौदा ठरवणारा माझा बाप एका फाईलला चिकटून उभा होता.

"काका, अहो प्रवेश झाला की इथंच असतात ते. सगळ्यांचे असतात."

"पावती मिळंल का?"

"आधी द्या तर."

मागं रांग थांबली होती. घड्याळात साडेचार. मी बाबांच्या हातावर हात ठेवला आणि एकेक बोट सोडवलं. अंगठा सर्वांत शेवटी सुटला.

बाईंनी कागद तपासले, शिक्का मारला, पावती दिली. प्रवेश झाला होता. आई रडू लागली. मला रडूही येईना, हसूही येईना, मी नुसती पावती वाचत उभी होते.

"आन् वसतिगृह?" बाबांनी विचारलं.

"त्याची यादी पुढच्या महिन्यात. पहिल्या वर्षाला जागा कमीच असतात." बाई पुढच्या पोरीचे कागद घेत होत्या. "तोवर बाहेर कुठं तरी कॉट बघून ठेवा. लवकर बघा, भरतात."

आम्ही बाहेर आलो. गेटाच्या भिंतीवर कॉटच्या जाहिराती चिकटवलेल्या होत्या, दहा-बारा तरी असतील, प्रत्येकीखाली फोन नंबर. बाबा त्यांच्यापुढं उभे राहिले. मग माझ्याकडं वळले.

"तूच सांग माय," ते म्हणाले. "काय करावं?"

अठरा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा सल्ला विचारला होता. "आधी खोली बघू, कॉट मोजू," मी म्हणाले आणि पहिल्या जाहिरातीवरचा नंबर लावला.