उरलेले तीस दिवस

सही कुणीच करेना. फिटर कागद घेऊन सकाळपासून एकेका मशीनपाशी जात होता आणि माणसं हात पुसायचं निमित्त काढून पाठ फिरवत होती.

"राहू दे ना तुझ्याकडेच," स्टोअरकीपर खालमानेने म्हणाला. "दिलेलं कुणी परत घेतं का?"

"ठेवता येत नाहीत," फिटर म्हणाला.

दिवस होते ते, भरपगारी रजेचे. ठमी, त्याची सात वर्षांची लेक, आजारी पडली तेव्हा त्याची स्वतःची साठवलेली रजा दोन महिन्यांत संपली. मग खात्यातल्या तेवीस जणांनी आपापल्या रजेतले दिवस काढून दिले. कंपनीत तशी सोय होती. कुणी तीन दिले, कुणी दीड. निवृत्तीला टेकलेल्या वेल्डर नानांनी अर्धा. एकेचाळीस दिवस जमले. नानांनी तर ठमीला निरोपच धाडला होता, की आता बापाला खुशाल घोडा कर, कंपनीची परवानगी आहे. घोडा व्हायची वेळ आली नाही. अकराव्या दिवशी ठमी गेली.

दुखवट्याची तीन दिवस रजा मिळाली. चौथ्या दिवशी तो कामावर निघाला तेव्हा बायकोने, जाऊ नका, असं म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "चार वाजता मी काय करू?"

चारला ठमी शाळेतून यायची. आजारपणात तिघं दिवसभर घरात असायची, त्याआधी चारनंतर त्या दोघी. चारनंतर घरात एकटं कसं राहतात हे तिला माहीतच नव्हतं.

म्हणून तो रजेच्या टेबलावरच्या बाईंकडे गेला. उरलेल्या तिसातले दहा द्या म्हणाला, नाहीतर पाच द्या. बाईंनी आधी पाणी पुढे केलं. मग सांगितलं, की ही रजा मुलीच्या आजारपणासाठी दिलेली. कारण संपलं की उरलेली ज्याची त्याला परत, आणि प्रत्येकाची तशी सही लागते. शेवटी आवाज उतरवून म्हणाल्या, "वहिनी आजारी आहेत असं डॉक्टरांकडून लिहून आणा. मी बसवते नियमात."

संध्याकाळी त्याने हे बायकोला सांगितलं. ती बराच वेळ ठमीच्या फ्रॉकची घडी मोडत आणि पुन्हा घालत राहिली.

"मी आजारी नाही," ती म्हणाली. "आजारी ती होती. आम्हा दोघींना एका कागदात नका घालू."

म्हणून आज या सह्या. जेवणाच्या सुट्टीत त्याने कागद नानांसमोर ठेवला.

"अर्ध्या दिवसाला कसली सही घेतोस," नाना म्हणाले. "तेवढा मी संडासात घालवतो."

कुणी हसलं नाही. नानाही नाही. त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसतच बसले.

"करा सही, नाना," फिटर सगळ्यांना ऐकू जाईल इतपत म्हणाला. "घरोघरी पोरं आहेत. उद्या कुणाला लागतील."

मग पेन या हातातून त्या हातात जात राहिलं. कुणी वर बघितलं नाही. तेविसावी सही झाली आणि भोंगा वाजला. कागद बाईंच्या टेबलावर ठेवून तो आपल्या मशीनपाशी येऊन उभा राहिला. चार वाजले तेव्हा हातातला पाना त्याने खाली ठेवला आणि थोड्या वेळाने पुन्हा उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला, तर बायको त्याच्याआधी आवरून दारात. बसमध्ये दोघं शेजारी बसली. कंपनीच्या फाटकाशी ती म्हणाली, "तुम्ही जा आत. मी बसते इथे."

"दिवसभर?"

"घरी तरी दिवसभरच."

बाहेरच्या माणसाची नोंद करावीच लागे. रखवालदाराने वही पुढे केली. तिने नाव लिहिलं, वेळ लिहिली, कुणाकडे आलात तिथे नवऱ्याचं नाव घातलं. पुढे 'काम' असा रकाना होता. तिथे तिचं पेन थांबलं ते थांबलंच. फिटर फाटकाच्या आतून बघत होता. शेवटी रखवालदारानेच वही आपल्याकडे वळवली, त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली आणि स्वतःची खुर्ची उचलून तिच्यासाठी सावलीत नेऊन ठेवली.