पिंपळटोल्याचं पान

प्रफुल्ल घर सोडून गेला तेव्हा दिपालीचं लग्न व्हायचं होतं. आता तिची मुलगी शाळेत जाते. तरी खुर्सीपारच्या गल्लीत भावासारखी चाल कुणाची दिसली, की तिचा शिलाई मशीनवरचा पाय आपोआप थांबतो.

भांडण तसं घरोघरी होतं तसलंच. पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालेल्या मारोतरावांना पोरानंही प्लांटमध्येच लागावं असं वाटे, आणि पोराला भट्टीची धग नको होती. शब्दाला शब्द लागला आणि बाप बोलून गेला, "माया घरात पाय ठेवू नको." प्रफुल्लने ते मनावर घेतलं. फोन बंद, पत्ता नाही. आई बेबीताई वारल्या तेव्हा त्याला कळवायचं कुठे, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. मारोतरावांसमोर तर त्याचं नाव काढायची सोय नव्हती.

दिपालीने फेसबुक पालथं घातलं. त्या नावाची माणसं ढीगभर, चेहरा एकाचाही त्याचा नाही. मग एकदा तिने मोबाइलमध्ये सहज आपल्या मूळ गावाचं नाव टाकलं, पिंपळटोला. गोंदियाकडचं गाव, दोघं भावंडं प्रत्येक सुट्टीत, सणावाराला तिथेच असायची. नेटवर काहीच सापडलं नाही. तिला वाटलं, आपल्याला आठवण येते तशी त्यालाही येत असेल. कुठल्या तरी परक्या खोलीत पडल्यापडल्या तोही हे नाव टाकत असेल, आणि त्याच्याही हाती काही लागत नसेल. तिथे काहीतरी असायला पाहिजे होतं.

स्मृति नगरातली मावसबहीण शिल्पा कॉम्प्युटरवरच काम करायची. रविवारी दिपाली तिच्याकडे गेली आणि मले वेबसाइट बनवाले शिकव म्हणाली. कशाची, ते सांगितलं नाही.

शिल्पाने आधी कोड लिहायचं सॉफ्टवेअर उघडून दिलं. शिकून घेतलं तर त्यात वाटेल ते करता येतं, असं तिचं म्हणणं. दिपालीने चार ओळी लिहिल्या, एक चिन्ह सुटलं आणि पान कोरंच राहिलं. हात बसायला काही महिने लागतील, असं शिल्पा म्हणाली. दिपालीला तेवढा धीर नव्हता. मग दुसरं पाहिलं. त्यात तयार नमुने होते, फोटो ओढून हवा तिथे ठेवायचा. दिपाली हरखली. गावची विहीर, चिंच, तळं, सगळं भराभरा जागेवर बसलं. पण तिने आपल्या जुन्या मोबाइलवर ते उघडून पाहिलं, तर नुसतं चाक फिरत राहिलं. उघडलं तेव्हा अक्षरं फुटलेली, वेलांट्या भलतीकडेच.

"ताई, आजकल सबके पास अच्छा फोन राहते," शिल्पा म्हणाली. "दिसाले तर हेच चांगलं आहे."

"त्याच्यापाशी कसा फोन असन, मले का माहीत?"

कुणापाशी, हे शिल्पाने विचारलं नाही. लॅपटॉप जवळ ओढून ती बराच वेळ काहीतरी शोधत बसली आणि तिसरं सॉफ्टवेअर काढलं. रंगरूप यथातथाच, पण अक्षरं शाबूत, आणि जुन्या मोबाइलवरही पान झटकन उघडे. मराठीत शोधणाऱ्याला ते सापडेल, पण त्याला दिवस लागतात आणि हमी कुणाची नसते, एवढं तिने बजावलं. दिपालीने तेच घेतलं.

परत ये, असं तिने कुठेच लिहिलं नाही. तळ्यातल्या शिंगाड्यांबद्दल लिहिलं. तान्हा पोळ्याला एका पोराच्या लाकडी बैलाचं चाक निखळलं आणि त्याने तो बैल खांद्यावर घेऊन मिरवला, तेही लिहिलं. आईबद्दल लिहायला बसली तर हात पुढे जाईना. शेवटी एकच ओळ लिहिली, बेबीताई आता नाहीत. खाली आपला नंबर दिला.

फोन येऊ लागले. सुरतेला मिलमध्ये असलेला गावचा एक माणूस विहिरीबद्दल विचारत होता. रायपूरच्या एक आजीबाई शिंगाड्यांचं वाचून रडल्या. दिपाली सगळ्यांशी गोड बोले. पण अनोळखी नंबर दिसला की ती शिलाई टाकून धावायची, आणि आवाज परका निघाला की पुन्हा मशीनवर बसायची.

माहेरी गेली असताना एका दुपारी मारोतरावांनी विचारलं, एवढे फोन कोणाचे येऊन राहिले? बोलणी खायची तयारी ठेवून तिने पान उघडून त्यांच्या हातात दिलं. ते सावकाश वाचत गेले. बेबीताईंच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"याच्यात मी कावून नाही?"

"तुमाले राग येईन म्हनून, बाबा."

ते उठले आणि दारात, उजेडात खुर्ची टाकून बसले. दिपालीने धुतलेला सदरा पुढे केला, त्यांनी तो बाजूला ठेवला.

"असाच काढ फोटो. दाढी राहू दे. म्हातारा झालो, ते दिसू दे त्याले."

कितीतरी वर्षांत त्यांनी मुलाचा विषय काढला नव्हता. दोनदा फोटो बिघडला. खाली काय लिहू, तिने विचारलं.

"लिही, बाबा घरीच असतेत."

तिने तसंच लिहिलं. प्रफुल्लचा फोन अजून आलेला नाही. दिपाली मात्र दर आठवड्याला पानावर काहीतरी नवं घालते, म्हणजे उघडणाऱ्याला वाटावं की इथे कुणीतरी राहतं.