झाकणावरची चिठ्ठी

माधवरावांना मी ऑफिसात सर म्हणायचे आणि त्यांच्या घरी काका. ही दोन वेगळी माणसं आहेत, हे कळायला मला तीन वर्षं लागली. आम्ही सांगलीची माणसं जरा उशिराच शहाणी होतो.

२००३ साली मी चेन्नईत, तांबरमजवळच्या एका खासगी प्रयोगशाळेत लागले. जुन्या तेलविहिरींत बरंचसं तेल खडकाला चिकटून राहतं, पंपाला दाद देत नाही. तिथं जिवाणू सोडायचे आणि त्यांना उसाची मळी खायला घालायची. ते वायू करतात, साबणासारखा एक पदार्थ करतात आणि तेल सुटून वर येतं. अडचण उष्णतेची. विहिरीच्या तळाशी बहुतेक जिवाणू मरतात. नागपट्टणमकडच्या विहिरींचं पाणी तपासत तीन वर्षांनी मला त्या धगीत जगणारा एक सापडला.

माधवराव आमचे प्रमुख, तंजावरच्या मराठी घराण्यातले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला घरी जेवायला नेलं. निघताना त्यांच्या पत्नी शशिकलाकाकूंनी वाटीत विरजण दिलं. म्हणाल्या, "पाकिटाचं तयिर खाऊ नको, मुली. आणि विरजण कोणी मागितलं तर नाही म्हणू नये." माझ्या खोलीत त्याच विरजणाचं तयिर, म्हणजे दही, रोज लागत होतं.

काकूंची शिस्त मोठी. कुणाचा डबा घरात आला की झाकणावर चिठ्ठी चिकटवायच्या: कुणाचा, कधी आला, आत काय होतं. डबा योग्य घरी जायचा, आणि रिकामा कधीच जात नसे.

प्रयोगशाळेतही शिस्त होती, सरांनीच शिकवलेली. फ्रिजमधून जिवाणूंची नळी बाहेर गेली की रजिस्टरात नोंद आणि नेणाऱ्याची सही. त्या ऑगस्टात सर म्हणाले, "तुझ्या जिवाणूची एक नळी आमच्या घरी ठेवितों. इथं करंट सारखा जातो." त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे जेवायला जाणारच होते. माझ्या स्टीलच्या डब्यात बर्फ भरून नळी नेली आणि काकूंच्या हातात दिली.

"हे काय गं, ऋजुता?"

"नळी आहे काकू. विरजणच समजा."

रजिस्टर मी उघडलंच नव्हतं. विरजण देताना घरच्या माणसाची सही कोण घेतं?

डिसेंबरात झेरॉक्स मशीनवर एक कागद विसरलेला सापडला. पेटंटचा अर्ज. जिवाणू माझा, नाव एकट्या माधवरावांचं. मी तशीच त्यांच्या खोलीत गेले. ते शांतपणे म्हणाले, "हा मला वेगळ्या विहिरीत सापडला. तुझी नळी बाहेर गेल्याची नोंद आहे का?"

केसानं गळा कापतात म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं.

साक्षीदार एकच होती. रविवारी सकाळी मी काकूंकडे गेले. काका बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मी सरळ स्वयंपाकघरात गेले.

"काकू, ऑगस्टात मी तुमच्या हातात नळी दिली होती. आमच्या संचालकांना एवढंच सांगा."

काकू इडलीचं पीठ ढवळत राहिल्या. "मज ठाऊक नाही, मुली. तू काही दिलं नाहीस."

सरांचा मला राग आला होता. काकूंनी मात्र माझं काळीजच तोडलं. या बाईला मी आईच्या जागी मानलं होतं. मी उठले आणि दारापर्यंत गेले.

"थांब," काकू मागून आल्या. "तुझा डबा राहिला आहे."

मला येताना पाहूनच त्यांनी सवयीनं तो भरून ठेवला असणार. स्टीलचा डबा, माझाच. झाकणावर चिठ्ठी, काकूंच्या अक्षरात: ऋजुता, १४ ऑगस्ट, नळी.

आम्ही दोघींनी ती एकदमच वाचली. बाहेर पेपरची सळसळ थांबली.

"मी काही दिलं नव्हतं, तर हा डबा इथं कसा आला, काकू?"

त्या डबा सोडेनात. मी तो ओढून घेतला, झाकण काढून बाजूला ठेवलं. आत विरजण होतं. ते त्यांच्याच मोरीत ओतलं, डबा विसळला आणि चिठ्ठीसकट कोरडं झाकण परत लावलं.

त्या घरातून मी पहिल्यांदाच रिकामा डबा घेऊन निघाले.