तीन तोळ्यांचा टाक

"चोवीस शब्द, काका. इंग्लिश. तेवढे सापडले की काम झालं," इंद्रजित म्हणाला आणि ते काळं यंत्र त्यानं टेबलावर ठेवलं.

यंत्र केवढं, तर करंगळीएवढं. पण विट्यापासून माधवनगरपर्यंत एसटीत संयोगितानं ते रुमालात गुंडाळून मांडीवर धरलं होतं, आणि शेजारी तिचे सासरे नाथाजी बसून होते. इंद्रजित कॉम्प्युटरमधला माणूस, तिच्या नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र. नवरा, म्हणजे जयराज, जाऊन तेरा महिने झाले होते. सेलममधलं सोनं-चांदी गाळायचं, गलाईचं दुकान विकून आलेली सगळी रक्कम त्यानं बिटकॉइनमध्ये घातली, आणि दोन महिन्यांनी कराडजवळ मोटारसायकलच्या अपघातात गेला. ती रक्कम हाती आली तर संयोगिता आणि तिची मुलगी माया विट्यात राहणार होत्या. नाहीतर संयोगिताच्या भावानं साताऱ्याला एका कारखान्यात तिच्यासाठी काम बघून ठेवलं होतं. म्हाताऱ्याच्या पुंजीत तिघं बसत नव्हती, हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं इतकंच.

"ह्यात पैसा हाय न्हवं?" नाथाजींनी यंत्राकडं बोट केलं.

"ह्यात पैसा नसतोय काका. पैसा तिकडं, इंटरनेटवर. ही नुसती किल्ली. वहिनींनी तीनदा पिन नंबर चुकवला, म्हणून यंत्रानं किल्ली पुसून टाकली. चोराला सापडू नये म्हणून तसं केलेलं असतंय."

"लग्नाची तारीख टाकली, मायाचा वाढदिवस टाकला," संयोगिता हळू आवाजात म्हणाली. "तिसऱ्यांदा दुकानाचा नंबर."

"असू द्या वहिनी. किल्ली परत करता येती. पण यंत्रानं पहिल्यांदा दिलेले तेच चोवीस शब्द पाहिजेत, त्याच क्रमानं."

"आन न्हाई घावलं तर? कुणा सायबाला भेटू. अर्ज करू."

"साहेबच नाही काका ह्याला. बँक नाही, अर्ज नाही."

चाळीस वर्षं परमुलखात सोनं-चांदी गाळून नाथाजी एक गोष्ट शिकले होते, की प्रत्येक कुलपामागं कुणीतरी साहेब असतो आणि त्याचे पाय धरता येतात. बिनसाहेबाचं कुलूप ते पहिल्यांदाच बघत होते.

"कागदावर लिवलं आसंल की रं त्यानं."

"कागदाचा भरवसाच नव्हता जयाला. फोटो काढू नको, असं मीच सांगितलंवतं. तर मला म्हणतोय, आमचं वडील म्हणत्यात, कागद कुजतोय, चांदी आगीतबी मरत न्हाई. शब्द चांदीच्या पट्टीवर ठोकले त्यानं. कागद जाळून टाकला. एटीएमच्या कार्डाएवढी पट्टी. तिजोरीत असंल बघा."

संयोगितानं मान वर केली. तिजोरीतला एकेक कागद तिनं तीनदा बघितला होता. चांदी बघायचं तिला सुचलंच नव्हतं.

नाथाजींनी पाणी मागितलं, पण प्यायले नाहीत.

"ती पट्टी मी गाळली," ते म्हणाले.

अवेळी गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवायचा, ही त्यांच्या घरातली रीत. तळहातात मावेल एवढ्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती. वर्षश्राद्धाला पोराचा टाक बसवायचा, तर त्याला बाजारातली चांदी कशाला, असं त्यांच्या मनानं घेतलं. पोराच्या हातची पट्टी तिजोरीत होतीच. तिच्यावरची अक्षरं दुकानातल्या जुन्या ठशांनी ठोकलेली, एका अक्षराचा पाय तुटका, त्यावरून ती त्यांनी ओळखली. दुकानाचा काहीतरी नमुना असेल असं वाटलं. परसात भट्टी पेटवली. आठ वर्षांची माया शेजारी बसून पट्टीवरचं इंग्लिश मोठ्यानं वाचत होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत. नातीचं इंग्लिश ऐकून आजोबाला कोण अभिमान वाटला. मग तिच्या हातून घेऊन त्यांनी पट्टी काट्यावर तोलली आणि भट्टीतल्या मुशीत सोडली.

इंद्रजित उठला. मग त्यानं पंखा उगाच वाढवला. संयोगितानं यंत्र उचललं आणि पुन्हा रुमालात बांधलं, तसं आता त्याचं काही काम नव्हतं तरी. "चला मामा," ती सासऱ्यांना म्हणाली, "साडेतीनची गाडी सापडंल." एवढंच. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. नाथाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

घरी येताच त्यांनी मायाला जवळ घेतलं. पायताणंसुद्धा काढली नव्हती.

"बाळा, भट्टीपाशी त्या दिशी काय वाचलंवतंस गं?"

"ॲपल," माया म्हणाली. "टायगर. एक रिव्हर होतं."

"म्होरं?"

"म्होरं न्हाई आठवत."

"आठव की. लय न्हाईत, चोवीसच हायती. मी बी तितंच हुतो की गं." आणि खरंच, ते तिथंच होते. चोवीसच्या चोवीस शब्द त्यांच्या कानांवरून गेले होते. एकही आत राहिला नव्हता.

पोरीचे डोळे भरले. आपलं काय चुकलं ते तिला कळेना.

"मामा, तिला नका विचारू," संयोगिता आतून म्हणाली. "असू द्या आता."

आठवड्यानं साताऱ्याहून भाऊ गाडी घेऊन आला. बॅगा उंबऱ्याबाहेर गेल्या. माया गाडीत जाऊन बसलीसुद्धा. संयोगिता देव्हाऱ्यापुढं वाकली आणि तशीच थांबली.

"मामा, टाक मी नेऊ?"

देव्हाऱ्यातला टाक घराबाहेर जात नाही. नाथाजींच्या आज्याचा गेला नव्हता, बापाचा गेला नव्हता. त्यांनी जयराजचा टाक उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि कोनाड्यातला जुना काटा खाली घेतला. माल परत देताना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढं वजन करायचं, ही चाळीस वर्षांची सवय.

"तीन तोळं," ते म्हणाले. "पट्टीयेवढंच भरलंय. गुंजभर घट न्हाई. बघून घे, पोरी."

संयोगितानं काट्याकडं बघितलं नाही. टाक तिनं त्याच रुमालात बांधला आणि सासऱ्यांच्या पाया पडली.