मदतनिसाचा अर्ज

अर्ज रंगवून लिहायला बाईंना मोठ्या बाईंनीच शिकवलं होतं. "खरंखरं लिहाल तर फाईल तळाशी जाईल. मूल किती हाताबाहेर गेलंय ते लिहा, तेव्हा कुठे मदतनीस मिळतो." मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, असे अर्ज लिहून लिहून मुरलेल्या.

बाईंच्या तिसरीच्या वर्गात बेचाळीस मुलं, त्यातली एक भुंगी. सारखी गुणगुणायची म्हणून पोरांनीच ठेवलेलं नाव, आणि तिला ते भारी आवडायचं. बोलणं चार शब्दांचं. पण फळ्यावर बाईंची बेरीज चुकली की तरातरा पुढे यायची आणि त्यांच्या हातातला खडू हिसकावून घ्यायची. तेवढ्यात बाकीची एक्केचाळीस पोरं बाकांवर चढलेली असायची. एकटी बाई कुठे कुठे पुरणार? म्हणून त्यांनी मन घट्ट करून लिहिलं: वर्गात बसू शकत नाही. इतरांना इजा करते. शिकण्याची क्षमता नाही.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. मदतनीस नाही. मुलीची क्षमता नसल्याने तिला गावाबाहेरच्या विशेष वसतिगृहात हलवावं, पालकांची सही घ्यावी.

आज शिक्षण कार्यालयात बाई आणि मोठ्या बाईंसमोर सहीसाठी भुंगीची आई आली होती. इस्पितळाच्या धुलाईघरातून तशीच, बाह्या अजून ओल्या. ती एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होती. 'इजा करते' वर बोट थांबलं.

"हे कोणी लिहिलं?"

"वर्गशिक्षिकेनं," टेबलापलीकडून शिक्षणाधिकारी साहेब म्हणाले. "आम्ही पदरचं काही घातलेलं नाही."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांवर, मोठ्या बाईंवर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर.

"साहेब, मुलीला एकदा तरी बघितलंत?"

"फाईल बघितली ना."

"फाईल गुणगुणत नाही!"

मोठ्या बाईंनी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. "बाई, तुम्ही दमलाय."

"दमलेच आहे! म्हणून तर माणूस मागितलं. मुलगीच उचलून न्या, असं कुठे म्हटलं होतं मी?" त्या आईकडे वळल्या. "सही करू नका. मी खोटं लिहिलंय. तिनं कुणाला बोट लावलेलं नाही."

"खोटं?" आईचा आवाज चढला नाही, हीच पंचाईत होती. "माझ्या पोरीला बिनकामाची ठरवलंत, ते तुमची सोय व्हावी म्हणून?"

बाईंनी मान डोलावली. होतंच तसं.

"खोटी माहिती दिली, असं लेखी द्याल?" साहेबांनी पेन पुढे सरकवलं, आता ही बया गप्प बसेल अशा बेताने. "चौकशी लागेल. पगारवाढ अडकेल."

बाईंनी पेन घेतलं. अक्षर कोंबडीच्या पायासारखं झालं, पण लिहिलं. वर्गात बसते. इजा करत नाही. माझ्या चुका माझ्याआधी तिला दिसतात. खाली सही ठोकली.

आईने आपला बिनसहीचा कागद दुमडून कमरेला खोचला. "उद्या येईल ती. पण तुमच्या भरवशावर नाही, बाई. मी रजा काढून वर्गात बसणार."

"वा!" साहेबांचा चेहरा खुलला. "मग मदतनिसाचा प्रश्नच मिटला की!" आणि ते फाईल बांधायला लागले.

मग इतका वेळ एकमेकींवर धुमसणाऱ्या त्या दोघी एकदमच साहेबांकडे वळल्या.

"फुकटात?" आई म्हणाली. "माझं धुलाईघर तुम्ही सांभाळणार का?"

"कोरा अर्ज काढा," बाई म्हणाल्या. "या वेळी आम्ही दोघी लिहिणार. खरंखरं. आणि पोच घेतल्याशिवाय हलणार नाही."

"माझी पुढची बैठक..." साहेब उठायला लागले.

आईने आपली खुर्ची फरफटत नेली, दाराला टेकवली आणि तीवर बसली.