खोकणारं घर

फोटोग्राफरच्या घरात कुणालाही खोकला नव्हता, तरी घर दिवसभर खोकत असे. कारण ठमी. सहा वर्षांच्या ठमीला तंद्री लागली, की तिचा उजवा डोळा मालकिणीला न विचारता कानाच्या दिशेने फिरायला निघे. जवळ कुणी खाकरलं, की ती दचकून त्याला जागेवर आणी. युक्ती बापाची. आधी ती फोटो काढण्यापुरती होती. मग पाहुण्यांसमोर, जिन्यात, शाळेच्या फाटकाशीसुद्धा चालू झाली. पाहुणे दुसऱ्या चहाला थांबेनासे झाले.

"डोळ्यापेक्षा छातीची बदनामी परवडली," फोटोग्राफर म्हणे.

आता ऑपरेशन ठरत होतं. डोळ्यांच्या डॉक्टरबाई ठमीसमोर तिरप्या काचा धरून, एकेक डोळा झाकून, तो किती बाहेर जातो ते मोजत होत्या.

"पुन्हा वेगळंच आलं. मघाशी जास्त होतं."

भिंतीशी उभा फोटोग्राफर खाकरला. ठमी ताठ झाली.

"आता तर फारच कमी!"

त्याला बरं वाटलं. कमी माप म्हणजे लहान ऑपरेशन, तेही एकाच डोळ्यावर, एवढं गणित त्याने आपलं आपण सोडवलं होतं.

"खोकला आहे का हो तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"त्यांना नाही, घरालाच आहे," बायको नवऱ्याकडे न बघता म्हणाली.

"बरं. हे बघा, स्नायू किती सरकवायचा ते याच मापावर ठरतं. माप कमी धरलं, तर एवढं सगळं करून डोळा पुन्हा बाहेरच. मग पोरीला परत टेबलावर घ्यायचं."

पुढचं खाकरणं फोटोग्राफरच्या घशातच अडकलं.

"बाई," तो म्हणाला, "ते माप माझं आहे. पोरीचं नाही."

आणि त्याने सगळं सांगून टाकलं. बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या, तर त्याला सोसलं असतं.

"डोळा असा ओढून धरायचा म्हणजे कष्ट असतात हो. संध्याकाळी डोकं दुखतं म्हणते का?"

"रोज," बायको म्हणाली. "आम्हाला वाटायचं, अभ्यास टाळायची सोंगं."

बाईंनी उजव्या डोळ्यावर पट्टी लावून ठमीला तासभर बसवलं. मग खिडकीतून लांबच्या पाण्याच्या टाकीकडे बघायला सांगितलं आणि पट्टी काढली. डोळा कानाकडे गेला तो गेलाच.

"बाबा, खोका ना. निघालाय का तो?"

फोटोग्राफरने तोंडावर रुमाल दाबून धरला. बायकोने त्याचा दंड धरला. आधार द्यायला की आवरायला, ते तिलाच ठाऊक.

माप दुपटीहून जास्त भरलं. दोन्ही डोळ्यांवर करावं लागणार होतं.

"आणि इतकं करून पुन्हा बाहेर गेला तर?" फोटोग्राफरने विचारलं.

"जाऊ शकतो. म्हणूनच सुरुवातीला आम्ही मुद्दाम जरा आत ओढून ठेवतो. थोडे दिवस तिला एकाचे दोन दिसतील. घाबरू नका."

ठमी कान देऊन ऐकत होती. "दोन बाबा दिसतील?"

"एकच पुरे आहे गं बाई," आई म्हणाली. हसायला गेली, पण जमलं नाही.

"मग रस्ता ओलांडताना मी कुठल्या बाबांचा हात धरू?"

फोटोग्राफरने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. बाई काचा पुसत होत्या.