जंगलाचे बावीस वाटे

मित्रांनो, मी एक जुनी वेताची दोरी आहे आणि एक जंगल माझ्या हातून गेलं. मी कोयता नाही, करवत नाही. मी फक्त मोजलं. मला मोजायलाच तर केलं होतं!

बोर्निओतल्या आमच्या इबान लोकांच्या लांबघरात माझा जन्म झाला. बावीस दारं, बावीस कुटुंबं, वर एकच छप्पर आणि पुढे एकच लांब ओसरी. सहाव्या दारची लुलोंग तेव्हा नवी नवरी होती. घरामागच्या सगळ्यांच्या सामाईक जंगलातून तिने काळ्या गाठींचा वेत ओढून आणला, सोलला, वाळूने घासला. तिच्या नवऱ्याने मला पसरलेल्या हातांच्या मापाने वीस वाव लांब वळलं. त्याच वेताची बियाण्याची टोपली प्रत्येक दारात असायची. आजीने टोपली विणायची, तिच्यात घराण्याचं भाताचं बी भरायचं आणि नातीच्या हाती सोपवायचं. दुसऱ्या कुठल्या वेताची टोपली चालत नाही.

तरुणपण सुखात गेलं. उतारावरची भातशेतं मोजायची, बांधाची भांडणं मिटवायची. "दोरी बोलली, विषय संपला," असं लोक म्हणायचे. मापात पाप म्हणून नाही. मी तर फुगून जायचे, खोटं कशाला सांगू?

पुढे लुलोंगला नातवंडं झाली आणि सगळे तिला इनी, म्हणजे आजी म्हणू लागले. त्या सुमारास शहरातून एक वहीवाली बाई आली. तिने मला जंगलात चौकोनी ताणलं. लुलोंग झाडांची नावं सांगे, बाई लिहून घेई. पहिल्या चौकोनात पंचावन्न जातींची झाडं भरली. जागा दुप्पट केली तर पंच्याऐंशी. पुन्हा दुप्पट केली तर एकशे वीस.

"बघा इनी, दुपटीला दुप्पट होत नाहीत, पण दर वेळी नव्या जाती भेटतातच," बाई म्हणाली.

"आणि जागा कमी करत आणली तर?"

"तर जातात. एका दिवसात नाही जात. आधी झाडं नुसती उभी राहतात. त्यांची पिल्लावळ उगवत नाही."

लुलोंगने ते मनात ठेवलं. तिच्याशिवाय कोणीच ठेवलं नाही.

दहा वर्षांनी पामतेलाची एक कंपनी आली. ओसरीवर सगळी दारं जमली. घराचा मुखिया जेलियन म्हणाला, "अर्धं जंगल पामला द्यायचं, अर्धं आपण ठेवायचं, हे ठरलं. आता आपलं अर्धं राखायचं कोणी?"

"सगळ्यांनी मिळून. एका जागी, सलग," लुलोंग म्हणाली.

"सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही, इनी! बाराव्या दारच्याने परवा चार झाडं जास्त तोडली आणि वर तोंड करून फिरतोय. त्यापेक्षा दारागणिक एक तुकडा, ज्याचा त्याच्या शेताजवळ. मधल्या जागेत पाम. सणाचं डुक्कर कसं वाटतो आपण? बावीस सारखे वाटे, कोणाची कुरकुर नाही."

"डुकराचे बावीस वाटे केलेस म्हणून बावीस डुकरं होत नाहीत, जेलियन! मांस उरतं, डुक्कर उरत नाही."

ओसरी खदखदून हसली. बाराव्या दारचा ओरडला, "इनीला भूक लागलीय, वाढा रे कोणीतरी!"

"जागा तेवढीच राहतेय ना, इनी? हातभर तरी कमी होतेय का?" जेलियनने विचारलं.

"नाही."

"मग झालं तर. आणा ती दोरी."

आणि मला आणलं. पाच दोऱ्या लांब, पाच दोऱ्या रुंद, असे बावीस तुकडे मी मोजून दिले. सगळे अगदी सारखे. सगळ्यांनी माझी तारीफ केली. मेल्यांनो, तेव्हा मी तुटले का नाही, याचा मला आजही राग येतो.

एक मात्र कबूल करते, कोणी लबाडी केली नाही. बावीस दारांनी आपापला तुकडा जिवापाड राखला. फांदीला हात लावला नाही. पण चारी बाजूंनी ऊन आणि वारा आत शिरला. धनेश पक्ष्याला उडायला मोठं जंगल लागतं, तो आधी निघून गेला. काळ्या गाठींच्या वेताची फळं खाऊन बी टाकणारा तोच होता. जुने वेत वाळले, नवे उगवलेच नाहीत. बावीस तुकड्यांत आता तीच ती झाडं आहेत. एक तुकडा बघितला की एकवीस बघायचे कष्ट वाचतात.

या वर्षी नात लेमियाला बी सोपवायचं होतं. डोळे जायच्या आत टोपली विणायची म्हणून लुलोंग काठी टेकत बावीसही तुकडे हिंडली. प्रत्येक जण म्हणाला, "माझ्यात नाही इनी, शेजारच्यात असेल." शेवटच्या तुकड्यात जेलियन तिच्या सोबत होता. तोही आता म्हातारा झालाय. खाली मान घालून म्हणाला, "जागा मात्र पुरी आहे, इनी. पाच बाय पाच."

"मोज मग बसून," ती म्हणाली आणि घरी आली.

तिने मला खुंटीवरून काढलं. तीन दिवस पाण्यात भिजत घातलं आणि माझा पीळ सोडवला. म्हातारा वेत वाकतो कुठे? अर्ध्या पट्ट्या तिच्या बोटांत कटाकट मोडल्या. उरलेल्यांची टोपली झाली वीतभर उंच, तीही काठाशिवाय. आता मी दोरी नाही, धड टोपलीही नाही.

मित्रांनो, उद्या कोणी तुमच्यासमोर दोरी ताणून म्हणेल, "जागा तेवढीच आहे." तेव्हा विचारा, "सलग आहे का?" आमच्या ओसरीवर एकटीनेच 'सलग' म्हटलं होतं, आणि तिला जेवायला वाढा म्हणाले.

लुलोंगने माझ्यात बी ओतलं. मावलं तेवढं मावलं, बाकीचं ओसरीवर सांडलं. लेमियाने ते दाणा दाणा वेचलं आणि मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"इनी," तिने विचारलं, "माझ्या नातीची मी कशाची विणू?"

लुलोंग माझ्या काळ्या गाठी चाचपत राहिली.